पर्मिसिव्ह लावलं की चालतं, मग तसंच ठेवायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. देवगडचा एक छोटा गट मच्छीमार बोटींसाठी नॅव्हिगेशन युनिट बनवतो. आर्म प्रोसेसरचा बोर्ड, टचस्क्रीन, यू-ब्लॉक्सचा जीएनएसएस (उपग्रहांवरून ठिकाण सांगणारा) रिसीव्हर आणि फोर-जी मॉडेम. वेगवेगळ्या भागांची वीज चालू-बंद करायला प्रोसेसरच्या मेमरी बसवर त्यांचा स्वतःचा सीपीएलडी (आपल्याला हवं ते लॉजिक भरता येणारी चिप) आहे. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ५.१० वरून ६.१ वर नेल्यापासून रिसीव्हर कधी उशिरा येतो, कधी अ‍ॅपला दिसतच नाही. बूट करताना कर्नलला ‘एफडब्ल्यू डेव्हलिंक’ (कोणता भाग कोणाआधी उठवायचा ते ठरवणारी सोय) पर्मिसिव्ह, म्हणजे सैल, ठेवायला सांगितलं की सगळं पूर्ववत होतं. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, १ ऑगस्टला बोटी बाहेर पडणार, त्याआधी युनिटं परत चढवायची आहेत. तोच पर्याय कायम ठेवला तर काय बिघडेल?

आधी सरळ उत्तर. या हंगामापुरतं पर्मिसिव्ह ठेवून युनिटं पाठवलीत तर आभाळ कोसळणार नाही. पण त्याला दुरुस्ती म्हणू नका, आणि पुढच्या आवृत्तीत ते नेऊ नका. तुम्ही ड्रायव्हरची फाइल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय त्याची कर्नलसाठीची यादी) दोन्ही पाठवलंत हे बरं केलंत. दोष तिथेच दिसतोय आणि तो दोन-तीन दिवसांत निघण्यासारखा आहे.

पर्मिसिव्ह नेमकं काय करतं ते बघू. डिव्हाइस ट्रीमध्ये एका नोडने, म्हणजे एका भागाच्या नोंदीने, दुसऱ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे ‘माझी वीज तिकडून येते’, ‘माझा क्लॉक तिकडून येतो’, की कर्नल त्यावरून पुरवठादार आणि ग्राहक अशी जोडी लावतो. आपण सप्लायर आणि कन्झ्युमर म्हणू. ‘ऑन’ असताना सप्लायरला ड्रायव्हर लागल्याशिवाय कर्नल कन्झ्युमरचा प्रोब (ड्रायव्हरने डिव्हाइस ताब्यात घेऊन सुरू करण्याचा टप्पा) बोलावतच नाही. पर्मिसिव्हमध्ये जोडी नोंदवली जाते, पण ती फक्त सिंक-स्टेटपुरती. म्हणजे सगळे कन्झ्युमर उठेपर्यंत सप्लायरने आपली स्थिती बदलू नये, एवढ्यासाठीच तिचा उपयोग होतो. प्रोबचा क्रम ती पाळत नाही, आणि सस्पेंड-रिझ्यूमचा क्रमही पाळत नाही. हे दुसरं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमचं युनिट इंजिन बंद झालं की झोपतं असं तुम्ही लिहिलंय. झोपताना रिसीव्हरच्या आधी त्याची वीज गेली, किंवा उठताना वीज यायच्या आधी ड्रायव्हरने रिसीव्हरला हाक मारली, तर जो घोळ होईल तो तुमच्या टेबलावर कधीच दिसणार नाही. तो दिसेल बंदरापासून वीस-पंचवीस मैलांवर, आणि तिथून तांडेल (बोटीचा प्रमुख) तुम्हाला कर्नलचा लॉग पाठवणार नाही.

‘५.१० मध्ये तर चालत होतं’ हे म्हणणं खरं आहे, पण चालत होतं ते क्रमाच्या योगायोगावर. थोडा इतिहास सांगतो, कारण तुमची उडी नेमकी त्यावरून गेली आहे. फार पूर्वी ड्रायव्हरचा क्रम इनिटकॉलच्या (बूट होताना काय कधी चालवायचं त्याच्या) पातळ्यांवर ठरायचा आणि लोक आपला ड्रायव्हर आधीच्या पातळीवर सरकवून वेळ मारून न्यायचे. २०१२ मध्ये ३.४ कर्नलात डिफर्ड प्रोब आलं. सप्लायर तयार नसेल तर ड्रायव्हरने ‘ई-प्रोब-डिफर’ ही त्रुटी परत द्यायची (आकडा ५१७, लॉगमध्ये उणे ५१७ दिसला तर तोच) आणि कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. ४.१० मध्ये डिव्हाइस लिंक आल्या. मग गूगलमधल्या सरवणा कण्णन यांच्या कामातून डिव्हाइस ट्री वाचून या लिंक आपोआप लावणारं एफडब्ल्यू डेव्हलिंक आलं. ५.१० मध्ये ते पर्मिसिव्ह होतं. ५.१२ च्या चाचणी आवृत्त्यांत ‘ऑन’ हा डिफॉल्ट झाला, बऱ्याच बोर्डांवर गाडं अडलं, म्हणून ५.१२ प्रसिद्ध व्हायच्या आत तो मागे घेतला गेला आणि मधल्या दुरुस्त्यांनंतर ५.१३ मध्ये पुन्हा लागू झाला. तेव्हा हे एकट्या तुमच्या बोर्डाचं दुखणं नाही. फरक एवढाच की ज्यांचा कोड मुख्य कर्नलात होता त्यांच्या दुरुस्त्या त्या वेळी झाल्या आणि तुमचा ड्रायव्हर बाहेर असल्याने राहून गेला.

आता निदान. सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी एक गोष्ट आमच्या किनाऱ्यावर करावीच लागते. मी रत्नागिरीत हे काम करतो आणि परत आलेल्या बोर्डांवर कनेक्टरच्या पिनांना हिरवट थर नसणं हाच अपवाद. खाऱ्या हवेने आय-टू-सीच्या कनेक्टरचा संपर्क कच्चा झाला की सप्लायर चिप उत्तर देत नाही, तिचा प्रोब फसतो, कन्झ्युमर ताटकळतो, आणि लक्षण हुबेहूब रिग्रेशनसारखं (नव्या आवृत्तीने आधी चालणारं बिघडवल्यासारखं) दिसतं. तेव्हा जो बोर्ड बिघडलाय त्याच बोर्डावर जुना कर्नल टाकून बघा. दुसऱ्या, कपाटातल्या कोऱ्या बोर्डावर नाही.

आणि बूट कोल्डच करा. रीबूट करून घेतलेल्या चाचणीला मी शून्य किंमत देतो. रीबूटमध्ये मागच्या कर्नलने चालू ठेवलेल्या वीजवाहिन्या तशाच चालू राहतात, सीपीएलडीचे रजिस्टर तसेच राहतात, त्यामुळे नसलेला क्रमही जुळल्यासारखा वाटतो. वीज काढा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबा, मग चालू करा. बोटीवर याहून एक वाईट प्रकार असतो. स्टार्टर मारला की बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली जातो, प्रोसेसर रीसेट होतो पण सगळे पेरिफेरल रीसेट होत नाहीत. तोही प्रसंग टेबलावर उभा करता आला पाहिजे.

यातून निघालात की लॉगकडे. डीबग-एफएस (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी सोय) माउंट करून त्यातली ‘डिव्हायसेस डिफर्ड’ ही फाइल वाचा. अडकलेल्या प्रत्येक डिव्हाइसचं नाव तिथे असतं आणि बहुतेकदा कारणही. तुमच्या फाइलीत रिसीव्हरच्या नावापुढे ‘वेट फॉर सप्लायर’ आणि पुढे सीपीएलडीच्या खालच्या तिसऱ्या स्विचचं नाव आहे. इथे एक बारकावा आहे. प्रोब झाला आणि ड्रायव्हरने स्वतः माघार घेतली, की कोअरने (कर्नलमधल्या, डिव्हाइसला ड्रायव्हर जुळवणाऱ्या भागाने) प्रोब बोलावलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वेट फॉर सप्लायर’ म्हणजे दुसरी. तेव्हा रिसीव्हरच्या ड्रायव्हरमध्ये प्रिंट टाकत बसू नका, तो कोड चाललाच नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते, आणि यात आठवडा घालवलेले लोक मी पाहिले आहेत. सिस-एफएसमध्ये त्या डिव्हाइसच्या फोल्डरात ‘वेटिंग फॉर सप्लायर’ नावाची फाइल असते, आणि क्लास फोल्डराखाली ‘डेव्हलिंक’मध्ये प्रत्येक जोडी तिच्या स्थितीसकट दिसते. याहून खोलात जायचं असेल तर डायनॅमिक डीबगने ड्रायव्हर्स-बेसमधल्या ‘कोअर’ आणि ‘डीडी’ या दोन फाइलींचे संदेश चालू करा. लॉग लांबतो, पण क्रम डोळ्यांसमोर येतो.

सप्लायरचं नाव कळलं की पहिला प्रश्न: त्याचा ड्रायव्हर बिल्ड झालाय का? हसू नका. दोन आवृत्त्यांमध्ये कॉन्फिगचा पर्याय नाव बदलतो किंवा नव्या पर्यायावर अवलंबून होतो, जुनी कॉन्फिग फाइल नव्या कर्नलवर ओढली की तो गुपचूप गळतो, आणि माणसं काखेत कळसा घेऊन गावभर फिरतात. तुमच्या बाबतीत तसं नाही, ते मी तपासलं.

तुमच्या बाबतीत काय आहे ते आता नीट सांगतो. डिव्हाइस ट्रीमध्ये सीपीएलडीचा एक मुख्य नोड आहे आणि त्याच्या पोटात प्रत्येक पॉवर स्विचचा एक छोटा नोड. मुख्य नोडच्या कंपॅटिबलमध्ये (कोणता ड्रायव्हर लावायचा ते सांगणाऱ्या ओळीत) तुमच्या नावाबरोबर ‘सिंपल-एमएफडी’ लिहिलंय. छोट्या नोडांनाही स्वतःचा कंपॅटिबल दिलाय. पण तुमचा ड्रायव्हर एकच, तो मुख्य नोडला लागतो आणि पोटातले नोड स्वतः वाचून त्यांचे रेग्युलेटर (वीजवाहिन्या) नोंदवतो. इथपर्यंत वरवर सगळं ठीक. पण सिंपल-एमएफडीमुळे कर्नल बूटच्या सुरुवातीलाच त्या प्रत्येक छोट्या नोडसाठी एक स्वतंत्र प्लॅटफॉर्म डिव्हाइस तयार करतो. त्या डिव्हाइसला लागणारा ड्रायव्हर तुम्ही कधी लिहिलाच नाही. रिसीव्हरच्या नोडमध्ये व्हीसीसी-सप्लाय म्हणून तिसऱ्या स्विचकडे बोट आहे, तेव्हा कर्नल त्या स्विचच्या डिव्हाइसला ड्रायव्हर लागण्याची वाट बघतो. रेग्युलेटर प्रत्यक्षात केव्हाच नोंदवलेला असतो, वीज द्यायला तयार असतो, पण ज्या डिव्हाइसच्या नावाने वाट बघणं चाललंय ते कधीच ‘बाउंड’ होणार नाही. दाभोळच्या जेटीवर गाड्या रांगेत उभ्या, माणसं दुसऱ्या होडीने पलीकडे पोचलीसुद्धा, पण फेरीचा भोंगा वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा हुकूम, तसला प्रकार.

मग रिसीव्हर ‘कधी उशिरा’ तरी का येतो? कारण ही वाट अनंत नसते. मॉड्यूल वापरणाऱ्या कर्नलात ‘डिफर्ड प्रोब टाइमआउट’ संपला की कोअर बघतो, या सप्लायरला जुळणारा एकही ड्रायव्हर नाही, मग ती लिंक सैल करतो आणि कन्झ्युमरला पुढे जाऊ देतो. हा टाइमआउट प्रत्येक नवा ड्रायव्हर नोंदवला गेला की पुन्हा पुढे ढकलला जातो. तुमच्या मॉडेमचे मॉड्यूल यूडेव्ह (डिव्हाइस दिसलं की ड्रायव्हर लोड करणारा प्रोग्रॅम) एकामागून एक लोड करतं, त्यांची वेळ प्रत्येक बूटला वेगळी, म्हणून रिसीव्हर येण्याची वेळही वेगळी. आणि तुमचं अ‍ॅप ठरावीक सेकंद वाट बघून हात टेकतं, म्हणून रिसीव्हर येऊनही तांडेलाच्या लेखी तो आलेलाच नसतो. टाइमआउटचा डिफॉल्ट आवृत्त्यांमध्ये बदलत गेलाय, तुमच्या कर्नलात किती आहे ते ‘डीडी’ फाइलीत बघून घ्या. लॉगमध्ये ‘डिफर्ड प्रोब पेंडिंग’ ही ओळ ज्या क्षणी दिसते तोच तो क्षण.

नेमका याच जातीचा दोष मुख्य कर्नलातही सापडला होता. फ्लॅशच्या पार्टिशनला ‘एनव्हीमेम-सेल्स’ असा कंपॅटिबल दिला की त्यासाठी प्लॅटफॉर्म डिव्हाइस तयार व्हायचं, त्याला कोणताच ड्रायव्हर नव्हता, आणि मॅक अ‍ॅड्रेस तिथून वाचणारं इथरनेट अडकून पडायचं. उपाय असा झाला की कधीच प्रोब न होणारं ते डिव्हाइस तयारच करायचं नाही.

तुम्हालाही तोच पहिला उपाय आहे. मुख्य नोडमधून सिंपल-एमएफडी काढा. मग छोट्या नोडांची डिव्हाइस तयार होणार नाहीत आणि मुख्य ड्रायव्हर लागला की कोअर त्यांच्या नावाची वाट सोडून देतो. एका शब्दाची दुरुस्ती. पण तुमचा डीटीबी (डिव्हाइस ट्रीची तयार फाइल) वेगळ्या पार्टिशनमध्ये आहे आणि जुन्या युनिटांत तो बाहेरून बदलता येत नाही असं तुम्हीच लिहिलंय. जुन्या डीटीबीवर नवा कर्नल चालला पाहिजे ही अपेक्षा रास्त आहे, मुख्य कर्नलातही ती धरतात. म्हणून मी दुरुस्ती ड्रायव्हरमध्ये करीन. मुख्य ड्रायव्हरने फक्त रेजमॅप (चिपच्या रजिस्टरांपर्यंतची सामायिक वाट) तयार करायचा. स्विचच्या कंपॅटिबलसाठी दुसरा छोटा प्लॅटफॉर्म ड्रायव्हर लिहायचा, त्याने पालक डिव्हाइसकडून रेजमॅप मागून एकच रेग्युलेटर नोंदवायचा. सिंपल-एमएफडीमुळे मूल पालकाच्या आधी प्रोब होऊ शकतं, तेव्हा रेजमॅप मिळाला नाही तर ई-प्रोब-डिफर परत द्यायचं. आता प्रत्येक स्विच खराखुरा सप्लायर झाला, लिंक खरी झाली, सस्पेंडचा क्रमही आपोआप जुळला.

हे लिहिताना दोन खड्डे टाळा. प्रोबमध्ये एकदा पोटची डिव्हाइस नोंदवली की त्यानंतर ई-प्रोब-डिफर देऊ नका, साफसफाई करून दिलात तरी नाही. पोटातलं डिव्हाइस यशस्वी झालं की कर्नल अडकलेल्या सगळ्यांना पुन्हा उठवतो, त्यात तुम्हीही उठता, पुन्हा नोंदवता, पुन्हा माघार घेता, आणि हे चक्र थांबतच नाही. जे मागायचं ते सगळं आधी मागून घ्या. दुसरा खड्डा तुमच्या टचस्क्रीनच्या ड्रायव्हरमध्ये आहे: क्लॉक मागितल्यावर कोणतीही त्रुटी आली तरी ‘क्लॉक नाही’ असं समजून पुढे जायचं. डिफरची त्रुटी अशी गिळली की ड्रायव्हर अर्धवट अवस्थेत यशस्वी होतो. ऐच्छिक वस्तूसाठी ‘ऑप्शनल’ प्रकारची फंक्शन वापरा आणि त्रुटी ‘डेव्ह-एरर-प्रोब’मधून परत द्या, म्हणजे डिफर असेल तेव्हा लॉग भरत नाही आणि कारण मात्र त्या फाइलीत नोंदवलं जातं.

चक्राकार अवलंबनाबद्दल फार लिहीत नाही, तुमच्याकडे ते नाही. दोन नोड एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर कोअर ते ओळखून ‘फिक्स्ड डिपेंडन्सी सायकल’ अशी ओळ छापतो आणि तेवढ्यापुरता क्रम सैल करतो. ती ओळ दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही.

तीस सेकंदांनी स्क्रीन काळी पडण्याची तक्रार तुम्ही शेवटी ओझरती लिहिली आहे. ती वेगळी, आणि तीस हा आकडाच तिचा पत्ता सांगतो. बूट संपल्यावर सुमारे ३० सेकंदांनी रेग्युलेटर कोअर कुणीच न मागितलेल्या वाहिन्या बंद करतो. बॅकलाइटचा सप्लाय डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलेला नाही, बूटलोडरने चालू केलेल्या विजेवर तो आजवर जगतोय. सप्लाय लिहा, बस. जुन्या डीटीबीसाठी त्या एका स्विचला ड्रायव्हरमधूनच ‘कायम चालू’ करा. क्लॉकच्या बाबतीत असंच होतं, फक्त ते बूटच्या शेवटी लगेच होतं, तीस सेकंद मिळत नाहीत.

गिट बायसेक्ट (बिघाड आणणारा बदल अर्ध्या-अर्ध्याने शोधणं) करावं का, असं तुम्ही विचारलंय. ५.१० ते ६.१ मध्ये लाखाहून जास्त कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, आहेत, तरी पायऱ्या सतरा-अठराच होतात. पण तुमचे पॅच बाहेरचे, ते प्रत्येक पायरीवर लावायचे म्हणजे निम्मा वेळ त्यातच जाईल. आणि एवढं करून बायसेक्ट कुठे पोचेल तर ‘ऑन हा डिफॉल्ट केला’ त्या कमिटवर. त्याने तुम्हाला पर्मिसिव्हपलीकडे काहीच सांगितलं नाही. अवलंबनाच्या रिग्रेशनमध्ये बायसेक्ट बहुधा दोष उघडा पाडणारा कमिट दाखवतो, दोष नव्हे. बोर्डाचा सगळा कोड मुख्य कर्नलात असता तर मात्र मी बायसेक्ट आधी केलं असतं. तिथे लिनस टोरवाल्ड्सचा दंडक आहे की आधी चालणारं बिघडलं तर ते रिग्रेशन, तुमचा डिव्हाइस ट्री कितीही चुकीचा असो. कमिट दाखवून कळवलंत की दखल घेतली जाते. कर्नलच्या आतल्या, बाहेरच्या ड्रायव्हरांनी वापरलेल्या एपीआयला तशी हमी नाही, ते कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय.

कधी बायसेक्ट केलंत आणि बिघाड अधूनमधून येणारा असेल, तर एका बूटवर ‘चांगला’ असा शिक्का मारू नका. तीनातून एकदा बिघडत असेल तर लागोपाठ दहा चांगले बूट नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, तेवढे पुरेत. दहातून एकदा बिघडत असेल तर त्याच खात्रीसाठी चाळीस लागतात. एक चुकीचा शिक्का आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया.

१ ऑगस्टचं गणित मी असं मांडीन. ड्रायव्हरची दुरुस्ती करा, ‘ऑन’वर ठेवा, चोवीस व्होल्टच्या पुरवठ्यात एक रिले घालून रात्रभर कोल्ड बूट करत राहा. तीन मिनिटांना एक धरला तरी सकाळपर्यंत शे-दोनशे होतात. प्रत्येक बूटनंतर दुसऱ्या मिनिटाला ‘डिव्हायसेस डिफर्ड’ फाइलीची प्रत साठवा, ती रिकामी असली पाहिजे. त्यानंतर तेवढेच सस्पेंड-रिझ्यूम. हे जमलं तर पर्मिसिव्ह विसरा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जमलं नाही तर या खेपेला पर्मिसिव्ह लावून पाठवा, पण सस्पेंड बंद ठेवा. बॅटरी थोडी जास्त खाईल, रिसीव्हर तरी जागा राहील. फाइलीची प्रत साठवणारी स्क्रिप्ट दोन्ही बाबतींत युनिटमध्ये राहू द्या. बोटी शाकारून वर ओढलेल्या असताना जे दिसत नाही ते पहिल्या आठवड्यात दिसेल, आणि तेव्हा तुमच्या हातात लॉग असेल.

मॉडेमचं म्हणाल तर तो यूएसबीवर आहे, त्याची वीज जीपीआयओने एक स्क्रिप्ट चालू करते, कर्नलच्या लिंकशी त्याचा संबंध नाही. तो वेगळा प्रश्न म्हणून विचारा. विचारताना स्क्रिप्ट, यूएसबी हबचं सर्किट आणि कोल्ड बूटचा पूर्ण लॉग पाठवा, शेवटच्या पन्नास ओळी नकोत.